हजेरीपत्रकापासून पदवीपर्यंत

चाकण, वाळूज, बुटीबोरी, सातपूर, गोकुळ शिरगाव किंवा गोव्यातले वेर्णा अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीत एचआरचे काम रोज करणारी, पण एचआर न शिकलेली माणसे भेटतात. कोणी टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून लागला आणि वर्षा-दोन वर्षांत पगारपत्रक, पीएफ, ईएसआयसी त्याच्याकडे आले. कोणी लाइनवर सुपरवायझर होता. माणसे सांभाळण्याची हातोटी पाहून साहेबांनी त्याला कार्यालयात घेतले. कोणी बीकॉम होऊन अकाउंट्समध्ये आली आणि नव्या भरतीची कागदपत्रे तिच्याच टेबलावर येऊ लागली. ही मंडळी काम उत्तम करतात. पण वरच्या जागेची जाहिरात निघाली की पात्रतेच्या रकान्यात ‘एमबीए एचआर, एमएसडब्ल्यू, एमपीएम किंवा समकक्ष’ असे छापलेले असते आणि दहा वर्षांचा अनुभव त्या ओळीपाशी अडतो.

घरचे हप्ते, मुलांच्या शाळा, आईवडिलांचे दवाखाने हे सारे चालू असताना नोकरी सोडून दोन वर्षे कॉलेजात जाणे बहुतेकांना शक्य नसते. म्हणून ऑनलाइन पदव्युत्तर पदवीचा विचार मनात येतो. नोकरी करणाऱ्या माणसाने ही पदवी जरूर घ्यावी आणि तिचा त्याला पूर्णवेळ विद्यार्थ्यापेक्षाही जास्त उपयोग होऊ शकतो, असे माझे मत आहे. मात्र त्यासाठी पदवी कायद्याने ग्राह्य हवी, आपल्याला हव्या त्या जागेसाठी चालणारी हवी आणि अभ्यास रोजच्या कामाशी जोडलेला हवा. यातले एक जरी सुटले, तरी पैसा आणि झोप दोन्ही वाया जातात.

हे शिक्षण आले कुठून

एचआरच्या शिक्षणाची सुरुवात मुंबईच्या गिरणगावाशी जोडलेली आहे. गिरण्यांत कामगार घेणे, काढणे, रजा देणे ही सारी सत्ता जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातात असे. काम मिळवायचे आणि टिकवायचे तर त्याला दस्तुरी द्यावी लागे. ब्रिटिश सरकारने १९२९ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक आयोग नेमला. १९३१ च्या अहवालात या आयोगाने भरतीचे काम जॉबरकडून काढून स्वतंत्र कामगार अधिकाऱ्यांकडे सोपवावे, अशी शिफारस केली. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस. कामगार कल्याणाचे पद्धतशीर शिक्षण तिथे रुजले. १९४७ मध्ये बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट उभी राहिली. आज ती कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने ओळखली जाते.

पुढच्याच वर्षी, १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ ने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. कायद्याने पद निर्माण केले, पदासाठी पात्रता ठरली आणि पात्रतेसाठी अभ्यासक्रम निघाले. कामगार कायदे व कामगार कल्याणाची पदविका, एमपीएम, एमएलएस ही नावे पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत आजही सर्रास ऐकू येतात. पहिली पाळी संपवून संध्याकाळच्या वर्गाला बसणारे कामगार आणि क्लार्क हे या शिक्षणाचे जुने विद्यार्थी आहेत. त्यामुळे नोकरी करून एचआर शिकण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. इंटरनेटमुळे ती शहराबाहेरच्या माणसालाही खुली झाली, एवढेच.

पदवी ग्राह्य आहे का

ऑनलाइन पदवीला आज कायद्याचा भक्कम आधार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, सप्टेंबर २०२० मध्ये दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणासाठी एकत्रित विनियम आणले. ऑनलाइन पदवी देण्यासाठी विद्यापीठाला नॅक या मूल्यांकन संस्थेचे ४ पैकी किमान ३.०१ गुणांकन किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरातले स्थान, हे मुख्य निकष त्यात आहेत. मान्यताप्राप्त संस्थेने दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष मानली जाईल, असे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. एखाद्या कंपनीत ‘ऑनलाइनवाली पदवी चालत नाही’ असे कोणी म्हणाले, तर हा नियम त्यांच्यापुढे ठेवता येतो.

दूरस्थ आणि ऑनलाइन यांतला फरक मात्र समजून घ्यावा. दूरस्थ शिक्षणात छापील पुस्तके, अभ्यासकेंद्र आणि परीक्षाकेंद्र असते. १९८५ चे इग्नू आणि नाशिकचे १९८९ चे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांनी हीच वाट रुळवली. राज्य विद्यापीठांना दूरस्थ शिक्षणासाठी कार्यक्षेत्राची मर्यादा असते. ऑनलाइन पदवीला ती नाही. कुडाळमध्ये बसून दिल्लीच्या विद्यापीठाची पदवी नियमात राहून घेता येते. ऑनलाइन अभ्यासक्रमात व्याख्यानांचे व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चेचे व्यासपीठ आणि स्वयंचाचणी असे चार भाग असावे लागतात. सत्राच्या शेवटी देखरेखीखाली परीक्षा होते आणि गुणांचा मोठा वाटा तिचाच असतो. ‘फी भरा, घरबसल्या डिग्री मिळेल’ असे सांगणारा माणूस पदवी विकत आहे, शिकवत नाही. तिथे फोन ठेवावा.

प्रवेशापूर्वी पुढच्या गोष्टी स्वतः तपासाव्यात, एजंटाच्या शब्दावर सोडू नयेत. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. तिथे विद्यापीठाचे नाव पाहून थांबू नये. आपण घेतो आहोत तोच अभ्यासक्रम, त्याच पद्धतीने आणि त्याच प्रवेशसत्रासाठी मान्य आहे का, हे पाहावे. एका विद्यापीठाचे एमकॉम मान्य असते आणि एमबीए नसते, असे घडू शकते. २०२४ पासून अशा अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. तो अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्याशी जोडलेला असतो. ‘आयडी नंतर बघू, आधी पैसे भरा’ असे कोणी म्हणत असेल, तर तो धोक्याचा इशारा समजावा. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, नियमांचीही चौकट असते. ती बाजू विद्यापीठाने कशी पूर्ण केली आहे, हे लेखी विचारावे.

शिकवणारी कंपनी आणि पदवी देणारे विद्यापीठ हे निराळे असू शकतात. फ्रँचायझी देऊन पदवी अभ्यासक्रम चालवायला परवानगी नाही, असे यूजीसी आणि एआयसीटीई यांनी २०२२ मध्ये जाहीरपणे बजावले. एडटेक कंपनी व्हिडिओ आणि तांत्रिक सोय पुरवू शकते. प्रवेश, परीक्षा आणि पदवी यांची जबाबदारी विद्यापीठाचीच असते. म्हणून फी विद्यापीठाच्या खात्यात भरावी आणि पावतीही विद्यापीठाचीच घ्यावी. पीजीडीएम ही पदविका आहे, एमबीए ही पदवी आहे. खासगी कंपन्यांत चांगल्या संस्थेच्या पीजीडीएमला मान असतो. मात्र सरकारी जागेसाठी किंवा पुढे पीएचडीसाठी ती समकक्ष धरली जाते का, हे आधी विचारून घ्यावे.

आपल्याला कोणती जागा हवी आहे

पदवी ग्राह्य असली, तरी ती प्रत्येक जागेसाठी पुरेल असे नाही. नेमकी इथेच कष्टाळू माणसांची फसगत होते.

कारखान्यातल्या कल्याण अधिकाऱ्याची पात्रता कायद्याच्या नियमांनी ठरते. महाराष्ट्रात १९६६ च्या कल्याण अधिकारी नियमांत कर्तव्ये, पात्रता आणि सेवाशर्ती दिलेल्या आहेत आणि शासनाने मान्य केलेली पदवी किंवा पदविका त्यासाठी लागते. एखाद्या विद्यापीठाचे एमबीए यूजीसीच्या दृष्टीने शंभर टक्के वैध असूनही त्या मान्य यादीत नसेल, तर या जागेवर नेमणूक अडू शकते. चार नव्या कामगार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेने कल्याण अधिकाऱ्यासाठी कामगारांची संख्या ५०० वरून २५० वर आणली आहे. म्हणजे मध्यम कारखान्यांतही ही जागा निर्माण होणार. जिला किंवा ज्याला कारखान्यातच वाढायचे आहे, त्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे किंवा कामगार विभागाकडे आपल्या अभ्यासक्रमाविषयी चौकशी करावी. कित्येकदा असे दिसेल, की महागड्या एमबीएपेक्षा जवळच्या कॉलेजातली कामगार कायद्याची पदविका किंवा टिसच्या धर्तीचे एमएसडब्ल्यू या वाटेवर जास्त कामाचे आहे.

आयटी कंपनी, बँक, रुग्णालय किंवा हॉटेल यांच्या एचआर विभागात जायचे असेल, तर ऑनलाइन एमबीए एचआर योग्य ठरते. तिथे भरती, प्रशिक्षण, कामगिरीचे मूल्यमापन आणि वेतनरचना यांवर भर असतो. फक्त पगारपत्रक आणि अनुपालनातच निष्णात व्हायचे असेल, तर दोन वर्षांच्या पदवीआधी एखादा छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून पाहावा. आपल्या पुढच्या जागेच्या दहा-बारा जाहिराती गोळा करून त्यांतल्या पात्रतेच्या ओळी समोरासमोर ठेवाव्यात. काय शिकायचे याचे उत्तर बहुधा त्यांतच मिळते. आपल्या वरिष्ठांशीही आधीच बोलावे. पदवी हाती आल्यावर पगार आपोआप वाढत नाही. कंपनीत ती जागा आहे का आणि आपला विचार होईल का, हे प्रवेशापूर्वी विचारायला संकोच करू नये.

वेळेचा खरा हिशोब

माहितीपुस्तिकेतले ‘दिवसाला एक तास पुरे’ हे वाक्य विसरावे. इग्नूच्या पद्धतीत एका क्रेडिटसाठी सुमारे ३० तासांचा अभ्यास धरतात. त्यात वाचन, व्याख्यान, स्वाध्याय सारे आले. अभ्यासक्रम ८० क्रेडिटचा असेल, तर ८० × ३० म्हणजे २४०० तास होतात. दोन वर्षांच्या १०४ आठवड्यांत ते वाटले, तर आठवड्याला सुमारे २३ तास पडतात. आधीच हे काम करणाऱ्याला काही विषय लवकर उमगतात, म्हणून थोडे कमी धरले, तरी आठवड्याला पंधरा-सोळा तास बाजूला काढावेच लागतात. ते निघत नसतील, तर दोन वर्षांची पदवी तीन किंवा चार वर्षांत पूर्ण करण्याची मुभा देणारे विद्यापीठ निवडावे. सावकाश शिकण्यात कमीपणा काहीच नाही.

एचआरमधल्या माणसाचा महिना इतरांसारखा नसतो. एक तारखेपासून हजेरी बंद करणे, ओव्हरटाइम जुळवणे, पगार सोडणे आणि १५ तारखेपर्यंत पीएफ व ईएसआयसीचा भरणा करणे यांत पहिला पंधरवडा संपतो. म्हणून अभ्यासाचे वेळापत्रक आठवड्याऐवजी महिन्यावर बेतावे. पहिल्या पंधरवड्यात फक्त व्याख्याने ऐकावीत आणि स्वाध्याय, प्रकल्प, वाचन दुसऱ्या पंधरवड्यात ठेवावे. दिवाळीपूर्वीचा बोनस आणि मार्चअखेर हे दोन काळ आधीच रिकामे सोडावेत. परीक्षेच्या तारखा कळताच रजेचा अर्ज द्यावा.

रविवार हा अभ्यासाचा हक्काचा दिवस. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखालील लढ्यामुळे. कामगाराला स्वतःसाठी वेळ हवा, ही मागणीच त्यामागे होती. आजचा नोकरदार विद्यार्थी तो वेळ शिकण्यासाठी वापरतो, तेव्हा घरच्यांनीही त्याचे मोल ओळखावे. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत हे कळकळीने सांगावेसे वाटते. नोकरी, स्वयंपाक आणि मुले सांभाळून रात्री अकरानंतर पुस्तक उघडायचे, ही व्यवस्था टिकत नाही. प्रवेशाचा निर्णय घरात सर्वांनी बसून घ्यावा आणि तिच्या वाट्याची कोणती कामे कोण करणार, हे त्याच बैठकीत ठरवावे.

आपले काम हीच प्रयोगशाळा

कॉलेजातून थेट एमबीए करणाऱ्या मुलाला कामगार, युनियन, पगारवाढीचा करार हे सारे पुस्तकात भेटते. नोकरी करणाऱ्याच्या भोवती हे रोज घडत असते. त्याला नियम तोंडपाठ असतात, पण त्यामागचे कारण बहुधा कोणी सांगितलेले नसते. पदवीने ते कारण शिकवावे.

वेतनाचेच उदाहरण पाहू. केंद्राच्या २९ कामगार कायद्यांच्या जागी आणलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतली वेतनाची व्याख्या अशी, की घरभाडे, प्रवास यांसारख्या वगळता येणाऱ्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर जास्तीची रक्कम वेतनात धरायची. समजा, एखाद्याचा महिन्याचा मोबदला ४०,००० रुपये आहे, त्यात मूळ वेतन १२,००० आणि असे भत्ते २८,००० आहेत. भत्त्यांची मर्यादा २०,०००. वरचे ८,००० वेतनात मिळवले, की वेतन २०,००० होते. ग्रॅच्युइटीचे सूत्र शेवटचे वेतन × १५ ÷ २६ × सेवेची वर्षे असे आहे. दहा वर्षांच्या सेवेसाठी १२,००० वर सुमारे ६९,२३१ रुपये येतात आणि २०,००० वर सुमारे १,१५,३८५ रुपये. माणूस तोच, सेवा तीच आणि फरक सुमारे ४६,००० रुपयांचा.

पगारपत्रक करणारा क्लार्क हा आकडा सॉफ्टवेअरमधून काढू शकतो. एचआर शिकलेल्या माणसाला पुढचे प्रश्न दिसावे लागतात. मूळ वेतन कमी आणि भत्ते जास्त ठेवण्याची पद्धत का पडली? तिचा भार म्हातारपणी कोणावर पडत होता? नव्या रचनेचा खर्च कंपनीने कसा पेलावा आणि कामगारांना ती कोणत्या शब्दांत समजावून सांगावी? या प्रश्नांची उत्तरे शोधताना अर्थशास्त्र, कायदा आणि वाटाघाटी हे तीन विषय एकाच वेळी शिकून होतात. याच कारणासाठी अभ्यासक्रमाची पुस्तके केव्हाची आहेत, हेही प्रवेशापूर्वी पाहावे. ज्या अभ्यासक्रमात अजून फक्त जुने कायदे आहेत, तो उद्याच्या कामाला अपुरा पडेल.

सिद्धांतांनाही घाबरू नये. अमेरिकेत शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून १९३२ पर्यंत प्रयोग झाले. सुरुवात दिव्यांच्या उजेडाचा उत्पादनावर काय परिणाम होतो, यापासून झाली. एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून निष्कर्ष काढला, की गटातले संबंध आणि आपल्याकडे लक्ष दिले जाते ही भावना कामावर खोल परिणाम करते. या निष्कर्षांवर पुढे बरीच टीकाही झाली. ती टीका वाचताना आपल्या कारखान्यातली एखादी घटना आठवावी. नवा सुपरवायझर आला आणि गैरहजेरी घटली, तर ती त्याच्यामुळे की बसच्या वेळा बदलल्यामुळे? हे तपासायचे तर आकडेवारी लागते. मग संख्याशास्त्राचा विषय ओझे वाटत नाही.

प्रकल्पासाठी विषय लांब शोधू नये. कंत्राटी कामगार सहा महिन्यांत का सोडून जातात, तक्रारपेटीत चिठ्ठ्या का पडत नाहीत, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती स्त्री कामगारांना माहीत आहे का, यांतला कोणताही विषय दोन वर्षांच्या अभ्यासाचे सार्थक करील. अट एवढीच, की कंपनीची लेखी परवानगी घ्यावी, माणसांची नावे आणि पगार उघड करू नयेत आणि विश्वासाने सांगितलेली गोष्ट गुणांसाठी वापरू नये. एचआरमधल्या माणसाची पत या विश्वासावरच उभी असते.

पुस्तके इंग्रजीत असली, तरी टिपणे मराठीत काढावीत, असा माझा आग्रह आहे. ग्रॅच्युइटी, फुल अँड फायनल, स्टँडिंग ऑर्डर हे शब्द तसेच राहू द्यावेत, पण त्यांचा अर्थ आपल्या भाषेत मांडता आला पाहिजे. उद्या एखादा कामगार समोर उभा राहून ‘साहेब, माझे पैसे कमी का आले?’ असे विचारील, तेव्हा इंग्रजी व्याख्या पाठ असून भागणार नाही.

पैशांची बाजू

सरकारी मुक्त विद्यापीठे आणि खासगी विद्यापीठे यांच्या फीमध्ये मोठी तफावत असते. जास्त फी म्हणजे चांगले शिक्षण, असे गृहीत धरू नये. शिक्षक कोण आहेत, थेट प्रश्न विचारता येतात का, प्रकल्पाला मार्गदर्शक मिळतो का आणि परीक्षा वेळेवर होतात का, हे माजी विद्यार्थ्यांना विचारावे. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून पुढे केलेला कागद अनेकदा वित्तकंपनीचे कर्ज असते. अभ्यासक्रम सोडला, तरी ते फेडावे लागते. सही करण्यापूर्वी कर्ज कोणाचे आहे आणि फी परताव्याचे नियम काय आहेत, हे वाचून घ्यावे. बँकेचे शैक्षणिक कर्ज घेतले, तर जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजावर कमाल ८ वर्षे वजावट मिळते; वैयक्तिक कर्जावर ती मिळत नाही. काही कंपन्या फीचा वाटा उचलतात आणि बदल्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार करून घेतात. तो काळ आपल्या बेताशी जुळत असेल, तर ही सोय चांगली आहे.

ही माणसे वरच्या जागी का हवीत

पहिल्या पाळीला पंचिंगसाठी रांगेत उभा राहिलेला, पगार एक दिवस उशिरा झाला की घरात काय होते हे जाणणारा माणूस जेव्हा वेतनाचे धोरण ठरवण्याच्या बैठकीत बसतो, तेव्हा त्या बैठकीतले प्रश्न बदलतात. अशा माणसांना आजवर पात्रतेच्या एका ओळीने बाहेर ठेवले. ऑनलाइन पदवीने ती ओळ ओलांडण्याची सोय केली आहे आणि ती प्रामाणिकपणे वापरली गेली पाहिजे. म्हणून मान्यता तपासा, हव्या त्या जागेची पात्रता वाचा, आठवड्याचे तास मोजा आणि मगच अर्ज भरा. एकदा भरलात, की प्रत्येक धडा आपल्या कारखान्यातल्या एखाद्या माणसाच्या प्रश्नाशी लावून वाचा. असे शिकलेला अधिकारी कंपनीला उपयोगी पडतोच. त्याच्यासमोर तक्रार घेऊन येणाऱ्या शेवटच्या कंत्राटी कामगारालाही त्या पदवीचा फायदा मिळतो.